मेंढीकोट, कॉल ब्रेक आणि मोबाईलमधला चौथा भिडू



गेल्या हळदीकुंकवाची गोष्ट. बायका वर हॉलमध्ये वाण लुटत होत्या आणि आम्ही नवरेमंडळी मुलांची जॅकेटं सांभाळत खाली पार्किंगमध्ये चहाचे कप घेऊन उभे होतो. एकाने मला जरा बाजूला घेतलं आणि विचारलं, "अरे, तू आयटीवाला ना? ते पत्त्यांचं अ‍ॅप उघडतच नाहीये. माझे अठरा हजार आत आहेत. निघतील का रे?" विचारणारा इथलाच, अबू हलीफात आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहणारा, अगदी साधा माणूस. मी काही बोलायच्या आत मागून दुसरा म्हणाला, "माझेपण आहेत." मग तिसरा. मग सगळे उगाचच हसले आणि विषय सुट्टीच्या तिकिटांवर गेला.

घरी येताना गाडीत मी गप्प. हिने दोनदा विचारलं काय झालं म्हणून. काय सांगणार? त्या पार्किंगमधला चौथा मीच होतो! फरक इतकाच की माझे पैसे अडकलेले नव्हते, ते केव्हाच गेले होते.

त्या दिवसापासून डोक्यात होतं की यावर एकदा सविस्तर लिहावं. एक तर मी सॉफ्टवेअरमधला माणूस, हे अ‍ॅप आतून कसं चालतं ते थोडंफार समजतं. दुसरं म्हणजे हरलेल्या माणसाने लिहिलेलं लोक जरा जास्त मनावर घेतात.

पण आधी खेळाबद्दल. ज्यांचं लहानपण महाराष्ट्रात गेलं त्यांना मेंढीकोट समजावून सांगायला नको. मे महिन्याची सुट्टी, आजोळची पडवी, मधोमध पसरलेली सतरंजी आणि "ए, खुणा करू नको!" अशी आरडाओरड. इथे जन्मलेल्या आपल्या मुलांसाठी थोडक्यात सांगतो. चार भिडू, समोरासमोर बसलेले एकमेकांचे जोडीदार. कॅटातले ५२ पत्ते प्रत्येकी १३ वाटायचे. एक्का सगळ्यांत मोठा, दुर्री सगळ्यांत लहान. उतारी ज्या रंगाची झाली त्याच रंगाचं पान टाकायचं, ते नसेल तर हुकूम मारून हात कापायचा. हुकूम ठरवायच्या पद्धती गावोगावी वेगळ्या. कोणी एक पान उपडं ठेवून बंद हुकूम करतं, तर कोणी पहिल्यांदा जिथे रंग तुटेल तिथे पडलेल्या पानाचा रंग हुकूम मानतं. खरी गंमत पुढे आहे. बाकीच्या खेळांत हात मोजतात, इथे दश्शीला भाव! चार रंगांच्या चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या. तीन मिळाल्या की डाव तुमचा. दोन-दोन झाल्या तर ज्यांचे हात जास्त ते जिंकले. आणि चारही मेंढ्या एकाच जोडीने नेल्या की मेंढीकोट, मग समोरच्यांना संध्याकाळपर्यंत तोंड दाखवायला जागा नाही. तेराच्या तेरा हात गेले तर बावन्न पानी कोट. तो मी आयुष्यात एकदाच पाहिला आहे, आणि तोही खाणाऱ्यांच्या बाजूने.

दश्शीच्या वर चार पानं आहेत, त्यामुळे ती स्वतःच्या जोरावर फारशी वाचत नाही. जोडीदाराचा एक्का पडला की त्याखाली हळूच ढकलायची. म्हणजे सगळा खेळ जोडीदाराच्या मनातलं ओळखण्याचा. आमच्या हॉस्टेलवर परीक्षेच्या आदल्या रात्रीसुद्धा हा चालायचा. पैसे कधीच लागले नाहीत. हरणाऱ्याने टपरीवरचा चहा पाजायचा, बस.

इथे एक छोटंसं विषयांतर करतो. माझा एक कुवेती सहकारी मला एकदा त्याच्या घरच्या दीवानियात घेऊन गेला. सहा जण पत्ते खेळत बसले होते, तीन-तीनच्या दोन टोळ्या. खेळाचं नाव 'कोट बो सित्ता', म्हणजे सहा जणांचा कोट. हुकमाला ते 'हकम' म्हणत होते. सगळे हात आपणच करणार अशी बोली लावायची तर ती 'कोट'! आणि पत्त्यांना इथले जुने लोक 'जंजफा' म्हणतात. मला एकदम सावंतवाडीची गंजिफा आठवली, ती गोल पत्त्यांची, दशावताराचे दहा रंग आणि १२० पानं असलेली. शब्द फारसी-अरबीतून आपल्याकडे आले आणि कुवेती गलबतं मुंबईला ये-जा करत होती तेव्हा माणसंही एकमेकांत मिसळत होती. १९६१ पर्यंत या देशाचं चलन रुपयाच होतं हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना ऐकून माहीत असेल. त्यात कुवेत या नावाचाच अर्थ 'छोटा कोट', छोटी गढी. फाहाहीलच्या अल कोट मॉलमध्ये गेलो की मला दर वेळी मेंढीकोट आठवतो. हिला हा विनोद आता पुरे झाला आहे. असो.

आता मूळ विषय. २०२० च्या एप्रिलमध्ये महबूला सील झाला ते आठवतंय ना? काटेरी तारा, नाक्यावर पोलीस. आमच्या पत्त्यांच्या चौघांपैकी दोघे महबूलात, आम्ही दोघे अबू हलीफात. चालत दहा-पंधरा मिनिटांचं अंतर, पण जुलैपर्यंत भेट नाही. मग कोणीतरी मेंढीकोटाचं अ‍ॅप शोधून काढलं. त्यात खोटी नाणी मिळायची, संपली की जाहिरात बघायची, पुन्हा नाणी. बाजूला व्हॉट्सअ‍ॅपवर कॉल लावून आम्ही चौघे गप्पा मारत खेळायचो. खरं सांगतो, त्या दिवसांत त्या खेळाने आम्हाला सावरलं. नोकरी राहील की नाही, विमानं कधी सुरू होतील, गावाकडे आई-वडील कसे असतील... त्या दोन तासांत हे सगळं विसरायला व्हायचं. म्हणून मोबाईलवरचे पत्ते म्हणजे पाप असलं काही मी म्हणणार नाही.

पाऊल घसरलं ते नंतर. त्याच अ‍ॅपमध्ये जाहिराती येऊ लागल्या: 'खरे पैसे जिंका'. कॉल ब्रेक हा त्यातलाच एक खेळ. नेपाळी मित्र असतील तर त्यांना विचारा, त्यांच्याकडे तो घरोघरी खेळतात. आपल्या जजमेंटचा भाऊच म्हणा. चार भिडू, प्रत्येक जण स्वतंत्र. इस्पिक कायमचा हुकूम. प्रत्येकाने आधी बोली लावायची की मी इतके हात करणार. तेवढे केले तर तितके गुण, नाही केले तर तितकेच वजा. पाच डावांची बेरीज. ज्याला मेंढीकोट येतो त्याला हा अर्ध्या तासात येतो, आणि तिथेच फसायला होतं. "आपण तर लहानपणापासून खेळतोय!" हे वाक्य मी स्वतःला किती वेळा म्हटलं असेल देव जाणे.

भारतातलं सिम रोमिंगवर होतंच, गावच्या बँकेचं खातं होतंच. अ‍ॅप लोकेशन विचारायचं, तर व्हीपीएन लावून पुणे दाखवायचं. (इथेच खरं तर थांबायला हवं होतं. जो खेळ खेळण्यासाठी आपण कुठे आहोत याबद्दल खोटं बोलावं लागतं, त्यात पुढे तक्रार कुठल्या तोंडाने करणार?) सात महिन्यांत माझे ६४ हजार रुपये गेले. एका रात्रीत नव्हे, दीडशे-दोनशे करत. त्यातले जिंकलेले दिवस मला तारीखवार आठवत होते, हरलेले नाही. शेवटी एका शुक्रवारी बँकेचं स्टेटमेंट एक्सेलमध्ये टाकून बेरीज केली तेव्हा आकडा दिसला.

आता हे पैसे जातात कुठे ते पाहू. यात गणित अगदी सोपं आहे. समजा चार जण प्रत्येकी १,००० रुपये घेऊन बसले आणि एका खेळाला प्रत्येकी १०० लावले. टेबलवर ४०० जमले. समजा कंपनी १० टक्के कापते, म्हणजे ४०, आणि जिंकणाऱ्याला ३६० देते. आता कोण हुशार, कोण कच्चा हे विसरून जा. दर खेळाला टेबलवरून ४० रुपये उठून बाहेर जातात. चौघांचे मिळून ४,००० होते. १०० खेळ झाले की टेबलवर शून्य! चौघांपैकी कोणीही जिंकलेलं नाही. घरी सतरंजीवर पैसे लावून खेळलात तर निदान पैसे चौघांतच फिरतात, आज याच्याकडे, उद्या त्याच्याकडे. इथे सतरंजीलाच भोक आहे.

त्यावर कर आला. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारतात अशा खेळांत भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला. आधी तो फक्त कंपनीच्या कमिशनवर होता. म्हणजे तुम्ही १०० भरले तर त्यातले जवळजवळ २२ रुपये पत्ते वाटायच्या आधीच सरकारजमा. कंपन्या तेवढाच 'बोनस' देऊन ते झाकायच्या, पण बोनस म्हणजे काही खिशातले पैसे नव्हेत. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेतून ३० टक्के टीडीएस. जिंकलात तर त्यात सरकार भागीदार, हरलात तर तुम्ही एकटे.

"पण मी चांगला खेळतो, मी त्या चौघांत वरचढ ठरेन," असं कोणी म्हणेल. मीही म्हणायचो. त्यासाठी पुढचा मुद्दा नीट वाचा, कारण माझ्या मते सगळ्या लेखात हाच महत्त्वाचा आहे.

रमीमध्ये मधे एक गड्डी असते, त्यातलं पुढचं पान कोणालाच माहीत नसतं. मेंढीकोट, कॉल ब्रेक, कोटपीस या जातीच्या खेळांत गड्डी उरतच नाही, सगळे ५२ पत्ते चौघांच्या हातात असतात. आता समजा तुमच्याबरोबर बसलेले तिघे जण प्रत्यक्षात एकाच खोलीत, एकाच सोफ्यावर बसले आहेत आणि एकमेकांचे मोबाईल बघत आहेत. त्यांचे मिळून पत्ते किती? ३९. उरले किती? १३. ते कोणाचे? तुमचे! म्हणजे तुम्ही तुमचे पत्ते त्यांच्यासमोर उघडे मांडून खेळत आहात आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नाही. तिघांनी लबाडी करायला काही हॅकिंग लागत नाही, प्रोग्रामिंग लागत नाही. एक व्हिडिओ कॉल पुरतो. दोघेच संगनमताने बसले तरी त्यांना निम्मा कॅट दिसतो. आजोळच्या पडवीत खुणा केल्या तर निदान मामी कान धरायची. इथे कान धरायला कोण आहे?

माझ्या लक्षात कसं आलं ते सांगतो. एका डावात माझ्याकडे इस्पिकचा राजा एकटाच होता, दुसरं इस्पिक नाही. दुसऱ्याच हाताला एका भिडूने इस्पिकचा एक्का उतरवला आणि माझा राजा आयता पडला. हुकमाचा एक्का इतक्या लवकर सहसा कोणी काढत नाही. म्हटलं, असेल योगायोग. त्याच आठवड्यात तसंच पुन्हा झालं. तिसऱ्यांदा झालं तेव्हा मी तारीख-वेळेसकट तक्रार पाठवली. दोन दिवसांनी उत्तर आलं: तपासणी केली, गैरप्रकार आढळला नाही, आमच्याकडे खेळत राहिल्याबद्दल आभार. म्हणजे कंपनी खोटं बोलत होती असं मी म्हणत नाही. तीन वेगळे मोबाईल, तीन वेगळी सिमं, तीन वेगळी इंटरनेट कनेक्शनं, सर्व्हरवर त्यांचं एकत्र बसणं दिसणार तरी कसं? मी स्वतः तो प्रोग्राम लिहिला असता तरी मला ते पकडता आलं नसतं. पण मग ज्या गोष्टीची खात्री देता येत नाही त्यावर पैसे का लावून घेता?

पत्ते पिसण्याबद्दलही एक किस्सा सांगतो, आमच्या धंद्यातला आहे. ५२ पत्ते लागायच्या शक्यता किती? आठावर सदुसष्ट शून्यं, साधारण एवढा आकडा. १९९९ साली अमेरिकेतल्या काही सॉफ्टवेअर इंजिनिअरांनी एका ऑनलाईन पोकरचा पत्ते पिसण्याचा प्रोग्राम तपासला. कंपनीने तो प्रोग्राम मोठ्या विश्वासाने स्वतःच जाहीर केला होता! त्यात पिसण्याची सुरुवात संगणकाच्या घड्याळावरून व्हायची, मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले त्यावरून. दिवसात मिलिसेकंद ८ कोटी ६४ लाख. म्हणजे आठावर सदुसष्ट शून्यांऐवजी जास्तीत जास्त ८ कोटी ६४ लाख प्रकारच! सर्व्हरच्या घड्याळाचा अंदाज बांधून त्यांनी ते आणखी कमी केले आणि थोडे पत्ते उघडे होताच बाकीच्यांच्या हातात काय आहे ते सांगू लागले. पुढे २००७-०८ मध्ये अ‍ॅब्सोल्यूट पोकर आणि अल्टिमेट बेट या दोन साइटवर तर आतल्याच माणसांना सगळ्यांचे पत्ते दिसत होते असं उघड झालं. आजकाल पिसण्याचे प्रोग्राम खूप सुधारले आहेत, त्यांना प्रयोगशाळेचं प्रमाणपत्रही मिळतं. पण ते प्रमाणपत्र पिसण्याचं असतं, समोर कोण बसलंय याचं नाही. इथे कुवेतमध्येच २०२५ च्या मार्चमध्ये शॉपिंग फेस्टिव्हलच्या सोडतीचा तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला, बाहीत कूपन लपवल्याचा. कॅमेऱ्यासमोर असं होऊ शकतं, तर सर्व्हररूममध्ये काय होतं ते कोण बघतंय?

आता कायदा. भारतात हे इतकी वर्षं चाललं तरी कसं? आपल्याकडचे जुगाराचे कायदे इंग्रजांच्या काळातले, देशाचा १८६७ चा आणि मुंबई इलाख्याचा १८८७ चा. दोन्हींत एक पळवाट होती: निव्वळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही. १९६७ मध्ये सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, पत्ते लक्षात ठेवावे लागतात, काय टाकायचं ते ठरवावं लागतं. सगळ्या कंपन्या हा निकाल तोंडपाठ म्हणून दाखवायच्या. पण त्याच निकालात न्यायालयाने असंही म्हटलं होतं की क्लबचा मालक या खेळातून नफा कमावत असेल तर गुन्हा होऊ शकतो. ती ओळ जाहिरातीत कधी दिसली नाही!

कौशल्य असो की नशीब, हा वाद २०२५ मध्ये संसदेने बाजूलाच सारला. २० ऑगस्टला लोकसभा, २१ ला राज्यसभा आणि २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची सही. पैसे लावून खेळायचा कुठलाही ऑनलाईन खेळ चालवण्यावर या कायद्याने बंदी आणली. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पैशांची ने-आण करून देणारी बँक किंवा पेमेंट कंपनीही त्यात आली. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा ठेवलेली नाही. मोठ्या कंपन्यांनी आठवड्याभरातच पैशांचे खेळ बंद केले. क्रिकेट संघाच्या छातीवरचं ड्रीम इलेव्हनचं नाव गेलं ते त्यामुळेच. काही कंपन्या कोर्टात गेल्या आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेगवेगळ्या उच्च न्यायालयांतल्या याचिका स्वतःकडे मागवून घेतल्या. (कायदा येण्याच्या आधीच्या महिन्यात आपल्या विधान परिषदेत कृषिमंत्री मोबाईलवर रमी खेळत होते की ते म्हणतात तशी आलेली जाहिरात घालवत होते, यावर महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला! खातं मात्र बदललं.)

पण मंडळी, आपण राहतो कुवेतमध्ये. इथल्या १९६० च्या दंडसंहितेनुसार जुगार हा गुन्हा आहे. रमी कौशल्याची की नशिबाची, सिकंदराबादचा क्लब वगैरे इथे कोणी ऐकून घेणार नाही. सर्व्हर बंगळुरूला असला तरी बोट तुमचं अबू हलीफात आहे. आणि परदेशी माणसाच्या बाबतीत दंड-कैदेपेक्षा मोठी भीती कसली ते मी सांगायला नको. अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह डिपोर्टेशन हा शब्द इथे पहिलीतल्या पोरालाही माहीत असतो.

भारतातल्या कंपन्या बंद झाल्यावर जे उरले ते जास्त वाईट आहे. आता व्हॉट्सअ‍ॅप किंवा टेलिग्रामवर कोणीतरी 'आयडी' देतो. साइट कुठल्या देशातली ते माहीत नाही. पैसे भरायला दर वेळी वेगळ्याच माणसाचं खातं देतात, आज कुण्या भाजीवाल्याचं, उद्या कुण्या कॉलेजच्या मुलाचं. ही भाड्याने घेतलेली खाती असतात. त्यांतून फसवणुकीचाही पैसा फिरतो. पोलिसांनी ते खातं गोठवलं की त्या खात्याशी व्यवहार झालेली खातीही चौकशीत येतात. तुमचं एनआरओ खातं गोठलं आणि घराचा हप्ता त्यातूनच जात असेल तर? इथे बसून कुठल्या तरी लांबच्या जिल्ह्यातल्या सायबर पोलिसांना काय पत्र लिहिणार? उलटही होतं. एकाला विचारणा आली होती की तुमचं गावचं खातं नुसतं पडून आहे, आम्हाला वापरायला द्या, महिन्याला पंधरा हजार देऊ. कृपा करून कोणी असं करू नका, त्यात तुम्ही आरोपी होता. आणि समजा चुकून घसघशीत जिंकलातच, तरी २००० सालच्या फेमाच्या नियमांत लॉटरीच्या जिंकलेल्या रकमा भारताबाहेर पाठवायला मनाई आहे. या पैशांचीही तीच गत होईल असं धरून चाला.

ज्यांचे पैसे अडकले आहेत त्यांच्यासाठी. अ‍ॅप भारतातल्या नोंदणीकृत कंपनीचं असेल तर नोंदणी केलेलं भारतीय सिम चालू करा, केवायसी पूर्ण करा, पैसे परत मागा, आणि मागितल्याचा ई-मेल जपून ठेवा. खेळ बंद करताना मोठ्या कंपन्यांनी शिल्लक परत देऊ असं जाहीर केलं होतं. अ‍ॅप कुठलं ते माहीत नसेल, तर त्या रकमेवर पाणी सोडायची मनाची तयारी ठेवा. "आधी टॅक्सचे पाच हजार भरा, मग अठरा हजार सुटतील" असा मेसेज आला तर भरू नका. "बुडालेले पैसे काढून देतो" म्हणणारे एजंट हे त्याच टोळीचे मावसभाऊ. फसवणूक झालीच असेल तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा, किंवा भारतातल्या भावाला-बहिणीला १९३० नंबरवर फोन करायला सांगा. जितक्या लवकर तितकं बरं, कारण पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळायला मिनिटं लागतात. आणि बँकेला लेखी कळवा, नुसतं फोनवर सांगून सोडू नका.

आमच्यातल्याच एका मित्राचं सांगून थांबतो. नाव सांगत नाही, त्याची परवानगी घेऊनच लिहितोय. त्याचे साडेपाच लाख गेले. ते गावच्या घराच्या स्लॅबचे होते. वडिलांचा दर रविवारी फोन: "बाळा, सेंट्रिंगवाला थांबलाय, पैसे कधी पाठवतोस?" त्याने इथल्या बँकेचं कर्ज काढून स्लॅब घातला. मग ते कर्ज फेडायला पुन्हा पत्ते. इथे कर्ज थकलं की ट्रॅव्हल बॅन लागू शकतो, आणि मागच्या वर्षी आई आजारी असताना जाता येईल की नाही याच चिंतेत त्याने आठ दिवस काढले. शेवटी आम्ही चौघा-पाच जणांनी मिळून हप्ते सांभाळले, तो गेला, आईला भेटून आला. आता दर महिन्याला पगाराच्या दिवशी तो आम्हाला थोडे थोडे देतो आणि मोबाईलवरचं यूपीआय त्याने बायकोच्या ताब्यात दिलं आहे. बंदी आल्यावर मला म्हणाला, "सरकारने दोन वर्षं आधी आणायला हवी होती रे."

आणि मी? हळदीकुंकवाच्या रात्री मुलगी झोपल्यावर हिला सगळं सांगितलं. ६४ हजारांबद्दल ती फारसं बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "म्हणजे त्या सात महिन्यांत रात्री बारा-बारा वाजेपर्यंत तुझे ऑफिसचे कॉल होते, ते हे होते तर." त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही.

आता दर शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता आमच्याकडे मेंढीकोट असतो, खऱ्या पत्त्यांचा, सतरंजीवर. हरणारी जोडी सगळ्यांसाठी चहा टाकते. माझी आठ वर्षांची मुलगी माझी जोडीदार आहे आणि मी दश्शी चुकीची टाकली की ती सगळ्यांसमोर माझी शोभा करते. येणाऱ्यांनी आधी फोन करावा म्हणजे उपम्याचा अंदाज येतो. आणि येताना जमलं तर नवा कॅट आणा, आमच्यातली किलवरची दश्शी हरवली आहे. सध्या जोकरवर पेनने दहा लिहून काम भागवतोय, पण त्यावरून रोज भांडणं होतात!